शहाडचा डबा आणि भिवंडीचा माग

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. इथल्या विठ्ठल मंदिराला आलेल्या शाळेच्या सहलींनी सेंच्युरी रेयॉनची धुराडी नक्की पाहिलेली असतात. मुंबईतल्या सेंच्युरी या १८९७ सालच्या गिरणी कंपनीने १९५६ मध्ये उल्हास नदीच्या परिसरात हा कारखाना काढला. लाकडाच्या लगद्यापासून येथे रेयॉनचा धागा तयार होतो. धागा गोळा करण्याची येथील एक पद्धत म्हणजे वेगाने फिरणारा डबा. कामगार त्याला ‘पॉट’ म्हणतात. असे डबे मिनिटाला सहा हजारांपासून दहा हजारांपर्यंत फेरे घेतात.

शहाडपासून दहा-बारा किलोमीटरवर भिवंडी आहे. तेथे यंत्रमाग चालतात. साध्या धोट्याच्या मागाची फणी मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा मागे-पुढे होते. म्हणजे डब्याच्या मानाने माग अगदीच संथ. तरीही भिवंडीत मागांच्या गाळ्याशेजारच्या भिंतीला हात लावला तर हाताला ठोके जाणवतात. ताटलीतले पाणी थरथरते.

वर्गात प्रश्न विचारून पाहावा : मिनिटाला साडेसात हजार फेरे घेणारा डबा आणि मिनिटाला दीडशे ठोके देणारा माग, यांतले कोणते यंत्र जमीन जास्त हादरवील? बहुतेक मुले डब्याचे नाव घेतील. ते उत्तर का चुकते हे समजून घ्यायचे तर यंत्राच्या एका दुर्लक्षित भागाचा इतिहास पाहावा लागतो. तो भाग म्हणजे यंत्राचा सांगाडा. आपले लक्ष चाके, दांडे, मोटर यांच्याकडे जाते. सांगाडा नुसता उभा असतो. पण यंत्रातला कोणता जोर जमिनीपर्यंत जाऊ द्यायचा आणि कोणता आतल्या आत मिटवायचा, हे तोच ठरवतो.

अडकित्ता आणि मुसळ

सुरुवात घरातल्या दोन वस्तूंपासून करू. अडकित्त्याने सुपारी कातरायला बराच जोर लागतो. पण आजोबा झोपाळ्यावर बसून, अडकित्ता हवेत धरून सुपारी कातरतात. त्यासाठी त्यांना जमिनीचा आधार लागत नाही. वरचे पाते सुपारीला खाली ढकलते, खालचे पाते तितक्याच जोराने वर ढकलते आणि दोन्ही पाती खिळीपाशी जोडलेली असतात. जोर पात्यातून सुपारीत, सुपारीतून दुसऱ्या पात्यात आणि खिळीतून पुन्हा पहिल्या पात्यात असा गोल फिरतो. घरातले भांडण घरातच मिटते.

मुसळाचे तसे नाही. मुसळ वरून येते आणि उखळात थांबते. त्याला थांबवण्यासाठी उखळाने वर जोर लावावा लागतो आणि उखळाला तो जोर जमिनीकडून घ्यावा लागतो. म्हणून उखळ जमिनीत पुरतात. अडकित्ता कोणी पुरत नाही.

याची परीक्षा माणसे तोलायच्या काट्यावर घेता येते. काट्यावर उभे राहून सुपारी कातरा. काटा जवळजवळ हलणार नाही. आता त्याच काट्यावर झटकन खाली बसा. काटा आधी कमी वजन दाखवील आणि बसणे थांबताना जास्त. तुमचे वजन बदललेले नाही. शरीराचा गुरुत्वमध्य आधी खाली वेग घेऊ लागला आणि मग थांबला, एवढेच घडले. यंत्राचा नियमही हाच आहे. जमिनीवर येणारा एकूण जोर दोनच गोष्टींवर ठरतो : यंत्राचे वजन आणि यंत्राच्या एकूण गुरुत्वमध्याच्या वेगात होणारा बदल. यंत्राच्या आत भाग एकमेकांना कितीही जोराने दाबोत वा ओढोत, सांगाडा सलग आणि ताठ असेल, तर त्याचा पत्ता जमिनीला लागत नाही. या नियमाला एक अट आहे. यंत्राला बाहेरून काही ओढत नसले पाहिजे. ही अट पाळायला कारखान्यांना शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

खड्ड्यातून बाहेर

हातमागाचा जुना प्रकार म्हणजे खड्डामाग. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवतो आणि मागाचे खांब जमिनीतच रोवलेले असतात. येथे सांगाडा आणि जमीन वेगळी काढता येत नाहीत. ताण्याचे उभे धागे एका खुंटापासून दुसऱ्यापर्यंत ओढलेले असतात आणि ती ओढ जमीनच सोसते. माग हलवायचा तर जमीनच उकरावी लागेल.

इंग्लंडमध्ये एडमंड कार्टराइट यांनी १७८५ मध्ये यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले. त्या काळचे माग लाकडी असत. माणसाचा हात थकला की ठोका हलका पडतो, पण पाण्याचे चाक किंवा वाफेचे इंजिन थकत नाही. सारख्या ठोक्यांनी लाकडी सांधे खिळखिळे होत. सांधा ढिला झाला की फणी तिरकी पडते आणि कापड बिघडते. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रिचर्ड रॉबर्ट्स यांनी मँचेस्टरमध्ये बिडाचा सांगाडा असलेला माग पुढे आणला. त्यापूर्वी, १८०० च्या सुमारास, हेन्री मॉडस्ले यांनी लंडनमध्ये लोखंडी बांधणीचा, आटे पाडणारा लेथ तयार केला होता. लेथमध्ये हत्यार धातूला ढकलते आणि धातू हत्याराला. दोघेही एकाच लोखंडी पाटावर बसलेले असल्याने तो जोर पाटातून फिरतो. लेथ म्हणजे मोठा अडकित्ताच.

बीड दाबाला भक्कम असते, ओतून हवा तो आकार देता येतो आणि कंपने थोडीफार जिरवण्याचा गुणही त्यात असतो. ताण्याची ओढ आता मागाच्या दोन बाजूंच्या बिडाच्या चौकटींनी सोसली. माग जमिनीतून सुटला. तो बोटीत घालून ओल्डहॅमहून मुंबईला पाठवता येऊ लागला. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणी उभारायला घेतली, तेव्हापासून पुढे कित्येक दशके मुंबईच्या गिरण्यांची यंत्रे अशीच लँकेशायरहून येत राहिली.

छतातला दांडा

सांगाडा सलग झाला, पण बाहेरची एक ओढ शिल्लक होती. गिरणीत वाफेचे इंजिन एकच असे. त्याची शक्ती छताखालून जाणाऱ्या लांब दांड्यावर येई आणि त्यावरच्या चाकांवरून एकेक चामडी पट्टा खालच्या एकेका यंत्राला फिरवी. पट्टा घसरू नये म्हणून तो ताणलेला असावा लागतो. म्हणजे प्रत्येक पट्टा यंत्राला वर खेचत होता आणि छतातल्या दांड्याला खाली. हा जोर मिटायचा कोठे? यंत्राच्या पायांतून जमिनीत, जमिनीतून खांबात, खांबातून तुळईत आणि तुळईतून पुन्हा दांड्यात. इमारतच यंत्राच्या सांगाड्याचा भाग झाली होती. खांब थोडा कलला की दांड्याची रेषा बिघडे. दांडा वाकडा फिरू लागला की खांब हादरे.

विजेची छोटी मोटर आली आणि हे चित्र बदलले. विसाव्या शतकात हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली. मोटर यंत्राच्याच सांगाड्यावर बसवली की पट्ट्याची ओढ मोटर आणि चाक यांच्यात, त्याच लोखंडातून मिटते. छतातला दांडा गेला याचे श्रेय आपण विजेच्या सोयीला देतो. पण त्याबरोबर इमारतीच्या डोक्यावरची एक ओढही उतरली.

माग तळमजल्यावर का?

मुंबईच्या जुन्या गिरण्यांची रचना आठवून पाहा. सूतकताईच्या इमारती अनेक मजली असत. विणकामाचे खाते मात्र बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली असे. त्या छपरातून उत्तरेचा थंड उजेड येतो, तळमजल्यावर हवा दमट ठेवणे सोपे जाते, ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण थेट आपल्या विषयातले आहे. कताईच्या यंत्रात चात्या गोल फिरतात. मागात जड भाग मागे-पुढे जातो.

थोडा हिशेब करू. समजा, फणी धरणारी चौकट ५० किलोची आहे आणि ती मिनिटाला १५० वेळा १५ सेंटिमीटर अंतर मागे-पुढे जाते. ही गती साधारण सरल आवर्त धरली, तर तिच्या टोकाला त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे १८.५ मीटर येते. गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे चौकट थांबवून उलट फिरवायला सुमारे ९० किलो वजनाइतका आडवा जोर लागतो. हा जोर सांगाड्यात मिटत नाही, कारण त्याला उत्तर देणारा दुसरा कोणता भाग उलट दिशेने धावत नाही. तो पायांतून जमिनीतच जातो. ही चौकट जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंच आणि मागच्या-पुढच्या पायांत १२० सेंटिमीटर अंतर असेल, तर प्रत्येक झोक्याला पुढच्या पायांवर ६० किलो भार वाढतो आणि मागच्यांवर तितकाच घटतो. पुढच्या क्षणी उलटे. सेकंदाला अडीच वेळा, दिवसभर. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकल्या जाणाऱ्या धोट्याचे धक्के वेगळेच.

सेकंदाला अडीच हा आकडा लक्षात ठेवा. इमारत आडवी डोलते तेव्हा तिचा एक झोका पुरा व्हायला मजल्यामागे ढोबळमानाने सेकंदाचा दहावा भाग लागतो. चार मजली इमारतीचा झोका झाला ०.४ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला अडीच झोके. मागाचा ठोका आणि इमारतीचा डोल जुळण्याचा धोका खराच असतो. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही झोका वाढवत नेतो, तोच हा अनुनाद. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एका तालातल्या पावलांनी कोसळला, तो याच कारणाने. जमिनीवर ठेवलेल्या मागाच्या ठोक्यांना मात्र सगळी पृथ्वी सामोरी जाते.

इमारतीच्या खांबांकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे अमेरिकेतल्या लॉरेन्स गावाने १० जानेवारी १८६० रोजी पाहिले. पेंबर्टन मिल ही पाच मजली गिरणी काम चालू असताना कोसळली आणि सुमारे शंभर कामगार मेले. मजले यंत्रांनी भरलेले होते. खाली बिडाचे पोकळ खांब होते. ओतताना आतला गाभा सरकल्यामुळे खांबांची जाडी एका बाजूला फार कमी राहिली होती. वास्तविक बिडाचे खांब आणि तुळया असलेली पहिली इमारत १७९७ मध्येच चार्ल्स बेज यांनी इंग्लंडात श्रूझबरीजवळ उभी केली होती आणि ती आजही उभी आहे. तेव्हा दोष बिडाचा नव्हता. यंत्राच्या पायापासून जमिनीपर्यंत भार ज्या वाटेने जातो, तिचा प्रत्येक टप्पा तपासायला हवा होता. तो तपासला गेला नाही.

डब्याची गोष्ट

आता शहाडच्या डब्याकडे येऊ. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या तीन इंग्लिश रसायनशास्त्रज्ञांनी १८९२ मध्ये लगद्यापासून व्हिस्कोज नावाचा दाट द्राव तयार केला. तो बारीक छिद्रांतून आम्लाच्या कुंडात सोडला की धागा बनतो. पण हा धागा ओला आणि नाजूक असतो. त्याला ओढून रिळावर पीळ देत गुंडाळणे अवघड होते. चार्ल्स टॉपहॅम यांनी १९०० मध्ये यावर तोड काढली : एक फिरता डबा. वरून धागा एका नळीतून डब्यात सोडायचा. डब्याच्या वेगामुळे तो बाहेर फेकला जाऊन भिंतीला चिकटतो, फिरण्यामुळे त्याला पीळही बसतो आणि नळी वर-खाली होत राहिल्याने त्याची सुबक वडी तयार होते. कारखान्यात तिला ‘केक’ म्हणतात.

कल्पना सुंदर, पण अडचण तितकीच मोठी. ओला धागा सगळीकडे अगदी सारखा बसत नाही. समजा, १५ सेंटिमीटर व्यासाचा डबा मिनिटाला ७,५०० फेरे घेत आहे आणि काठाशी एका बाजूला फक्त एक ग्रॅम धागा जास्त बसला. त्या एका ग्रॅमला गोल फिरवत ठेवायला सुमारे पावणेपाच किलो वजनाइतका जोर लागतो. आणि त्याची दिशा सेकंदाला १२५ वेळा फिरते. आस ताठ आणि बेअरिंगे घट्ट असतील, तर हा सगळा जोर सांगाड्यात उतरेल. एका लांब यंत्रावर असे कितीतरी डबे असतात.

पहिला विचार येतो तो आस आणखी जाड करण्याचा. बरोबर उत्तर मात्र उलट होते आणि ते वाफेच्या टर्बाइनकडून आले. ब्रिटिश अभियंता रँकिन यांनी १८६९ मध्ये असे मांडले होते की फिरणाऱ्या दांड्याला एक क्रांतिक वेग असतो आणि त्यापलीकडे दांडा स्थिर फिरूच शकत नाही. स्वीडनचे गुस्ताफ डी लाव्हाल यांनी १८८९ च्या सुमारास आपल्या टर्बाइनला मुद्दाम बारीक, लवचिक आस बसवली. क्रांतिक वेगाला ती थरथरली, पण तो वेग ओलांडताच शांत झाली. फॉप्ल यांनी १८९५ मध्ये आणि जेफकॉट यांनी १९१९ मध्ये या वागण्याचे गणित मांडले.

कारण असे. क्रांतिक वेगाच्या बऱ्याच वर गेल्यावर वस्तू आपल्या भूमितीय मध्याभोवती न फिरता गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते. लवचिक आस तिला तेवढे सरकू देते. मग आधारावर येणारा जोर वेगाबरोबर वाढत नाही. वाकलेली आस जेवढा जोर लावते, तेवढाच तो राहतो. आपल्या उदाहरणात क्रांतिक वेग १,५०० फेऱ्यांवर ठेवला, म्हणजे चालू वेगाच्या एक-पंचमांश, तर पावणेपाच किलोचा जोर सुमारे २०० ग्रॅमवर येतो. लवचिक आधारावरच्या डब्याचे रहस्य हेच आहे. कपडे पिळायच्या यंत्रात हे घरीच दिसते. सुरू होताना आणि थांबताना ते थडथडते, पूर्ण वेगात शांत असते.

वर आणखी एक गोष्ट मदतीला येते. शंभर डब्यांतला जास्तीचा धागा शंभर वेगवेगळ्या दिशांना असतो. त्यांचे जोर एकमेकांना बरेचसे खोडतात. शंभर मुलांनी आपापल्या मनाने टाळ्या वाजवल्या तर त्यांचा ताल बसत नाही, तसेच. म्हणून हजारो फेऱ्यांच्या डब्यांकडून जमिनीला पोचते ते मुख्यतः वजन.

पण जमिनीने त्यावर निश्चिंत होऊन चालत नाही. धागा ज्या कुंडात बनतो त्यात गंधकाम्ल असते. त्याचे शिंतोडे सांगाड्याच्या पायांवर आणि फरशीवर पडतात. काँक्रीटला आम्ल सोसत नाही. म्हणून अशा खात्यात आम्लरोधक विटा आणि लेप लागतात. जोराचा हिशेब कितीही चोख असला तरी पायाखालची फरशी खाल्ली गेली तर तो पाण्यात.

सांगाडा जातो, जमीन मागे राहते

मुंबईच्या गिरण्या मोडकळीस आल्या, विशेषतः १९८२ च्या संपानंतर, तेव्हा त्यांचे कितीतरी जुने माग भिवंडीच्या गाळ्यांत गेले. सांगाडे भक्कम होते, त्यांनी तिकडेही काम केले. मात्र गिरणीची जाड फरशी आणि मोकळी शेड त्यांच्याबरोबर गेली नाही. यंत्र विकता येते, त्याच्याखालची जमीन विकत जात नाही. भिवंडीच्या भिंतीला हात लावल्यावर जाणवतो तो हा विसरलेला अर्धा भाग.

हा विसर किती महाग पडू शकतो, हे बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावरला २४ एप्रिल २०१३ रोजी दिसले. राणा प्लाझा या आठ मजली इमारतीत कपडे शिवण्याचे कारखाने होते. इमारत मुळात दुकाने आणि कचेऱ्यांसाठी ठरलेली होती. तिच्यावर वाढीव मजले चढले होते आणि वरच्या मजल्यांवर डिझेलचे जनरेटर बसवलेले होते. आदल्या दिवशी खांबांना तडे दिसले होते. त्या सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत बसली. १,१०० हून अधिक माणसे गेली. त्यात निकृष्ट बांधकामाचा वाटा मोठा होता. पण यंत्रे कोठे ठेवली, त्यांचा भार कोणत्या खांबांतून खाली जाणार, हा प्रश्न ठेवण्याआधी कोणी गंभीरपणे घेतला नव्हता.

यंत्राच्या इतिहासाकडे पाहिले तर सुधारणा नुसती जमीन भक्कम करण्याने झालेली नाही. बिडाच्या सांगाड्याने धाग्याची ओढ आत घेतली, मोटरने पट्ट्याची ओढ आत घेतली, लवचिक आशीने फिरत्या डब्याचा झगडा आतच मिटवला. धोट्याच्या जागी हवेच्या झोताने धागा नेणारे नवे मागही फेकले जाणारे वजन कमी करूनच चालतात. जे आत मिटत नाही, तेवढेच जमिनीकडे पाठवायचे आणि ते कोणत्या वाटेने जाईल हे आधी पाहायचे.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन गावातली पिठाची गिरणी, शिंप्याचे शिवणयंत्र, उसाचा चरक आणि घरचा मिक्सर यांच्या पायांना मालकाच्या परवानगीने, फिरत्या भागांपासून दूर राहून, हात लावून पाहावा. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात : काय गोल फिरते आणि काय मागे-पुढे जाते, मोटर सांगाड्यावर आहे की वेगळी जमिनीवर, आणि पायाखाली काय आहे. चरकाचे दाते उसाला किती जोराने चिरडतात ते पाहून मग विचारावे : एवढा जोर असूनही चरकाची गाडी रस्त्याच्या कडेला नुसत्या चार चाकांवर कशी उभी राहते? अडकित्त्याचे उदाहरण ज्याला कळले आहे, तो मुलगा याचे उत्तर आपले आपण देईल.